ते अस्वल हे नव्हे

पळसटोल्याच्या हायस्कुलात यादोराव कापगते ड्रॉइंग शिकवायचे. सानगडीहून निघालं की धानाच्या बांध्या हळूहळू संपतात आणि जंगल सुरू होतं, त्या सांध्यावरचं हे गाव. गावात सगळ्यांना सगळ्यांची कामं ठाऊक होती. फक्त यादोराव दर रविवारी सकाळी फळी, रंगाची पेटी आणि पाण्याचा डबा घेऊन रानात कशाला जातात, हे कुणाला नीट कळलं नव्हतं. लाकडं आणत नाहीत, मोहफुलं वेचत नाहीत, ससा मारत नाहीत. दुपारी उन्हानं लाल होऊन परत येतात आणि हातात एक ओला कागद.

"गुरुजी, आज काय आनलं?" तलावाच्या पाळीवर बसलेलं कुणीतरी विचारायचं.

"कुरणबोडी," ते रानातल्या तळ्याचं नाव सांगायचे.

"ते तं तिथंच हाय."

मग हशा. यादोरावांना राग यायचा. राग त्यांच्या नाकावरच असायचा, पण तो लबाडाचा राग नव्हता. कुठलीही गोष्ट आहे तशी न पाहता तिच्याबद्दल बोललं की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब म्हणाले, मुलांकडून सफरचंद आणि सुरई काढून घेत जा. यादोराव म्हणाले, "सफरचंद या पोरांनी पाहिलं नाही. टेंभरं पाहिली आहेत, बिबे पाहिले आहेत. ते काढतील." साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, 'शिक्षक उद्धट आहेत.' तो शेरा यादोरावांनी घरी येऊन बायकोला वाचून दाखवला. संध्याकाळी पुन्हा वाचून दाखवला.

सत्यभामाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "अजी, त्या साहेबाले काय मालूम. जेवा आता."

नागपूरला राहून त्यांनी ड्रॉइंग टीचरचा कोर्स केला होता. तिथल्या बाकीच्या पोरांनी पुढं सिनेमाची पोस्टरं धरली, दुकानांच्या पाट्या धरल्या. यादोराव गावाकडं परतले ते उघड्यावर बसून चित्रं काढायची सवय घेऊन. आधी त्यांना फक्त झाडं आणि पाणी दिसायचं. मग लक्षात आलं, की माणूस दोन तास न हलता बसला तर रान त्याला हळूहळू विसरतं. रोही, म्हणजे नीलगाई, पाण्यावर उतरायचे. मोर समोरून चालत जायचे. एकदा मुंगूस येऊन त्यांच्या डब्यातलं रंगाचं पाणी हुंगून गेलं. एका हिवाळ्यात त्यांनी साजाच्या झाडांमागचा काळा खडक सावलीसकट काढला, कागद जवळजवळ पूर्ण झाला, आणि तो खडक उठून चालायला लागला. रानगवा होता. यादोरावांनी चित्र बदललं नाही. घरी येऊन मात्र ते बराच वेळ स्वतःवरच चिडून होते, की आपले डोळे इतके कसे आंधळे.

त्यानंतर ते जनावरांकडं जास्त निरखून बघायला लागले.

अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्चात, मोह गळायला लागला तेव्हा, कुरणबोडीच्या पलीकडच्या उतारावर त्यांना अस्वलीण दिसली. पाठीवर पिल्लू. ती मोहाखाली फुलं चाटत फिरायची आणि पिल्लू तिच्या केसांना धरून बसलेलं असायचं. यादोराव दीडशे पावलांवर, पळसाच्या आडोशाला. पहिल्या रविवारी त्यांनी फक्त पाहिलं. दुसऱ्या रविवारी पेन्सिलीनं तीन कागद भरले. तिसऱ्या रविवारी ती दोन पायांवर उभी राहिली, हवा हुंगली, आणि तिची छाती त्यांना समोरून दिसली. अस्वलाच्या छातीवर पांढरी खूण असते, नांगराच्या जुवासारखी वाकलेली. हिची खूण उजवीकडं पूर्ण होती आणि डावीकडं मध्येच तुटलेली, जणू चुना संपला म्हणून कुणी हात थांबवला. डावा कानही फाटका होता. यादोरावांनी ते सगळं टिपलं आणि खाली तारीख घातली.

चौथ्या रविवारी त्यांनी चूक केली. चूक त्यांचीच होती, आणि हे त्यांनी पुढं कधी कुणापासून लपवलं नाही. तुटलेल्या खुणेचं टोक नेमकं कसं आहे ते दुरून कळत नव्हतं. म्हणून त्यांनी पहाटेच जाऊन आपली जागा पुढं सरकवली, मोहाच्या झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर, वारुळाच्या शेजारी. अस्वलीण आली ती पाठीमागच्या बाजूनं. पिल्लू पाठीवरून उतरलं होतं आणि यादोरावांच्या पुढ्यात वारूळ उकरायला लागलं. आता एका बाजूला आई, एका बाजूला पिल्लू आणि मध्ये ड्रॉइंग मास्तर. त्यांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी फळी तोंडापुढं धरली. फळी फुटली. तिनं उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडला, डोक्यावर एक पंजा मारला, आणि पिल्लाला घेऊन गेली.

बोडीत जाळं लावायला आलेल्या फकिरा ढिवरानं ओरडणं ऐकलं. तो पाण्यातून तसाच धावत आला, डबा बडवत. त्यानं आपलं धोतर फाडून हात बांधला, यादोरावांना पाठीवर घेतलं आणि गावापर्यंत आणलं. गावातून बैलगाडी, सानगडीहून धानाचा ट्रक, आणि मग भंडाऱ्याचा दवाखाना.

तिसऱ्या दिवशी, इंजेक्शनच्या गुंगीत, त्यांना कॉटपाशी पुंडलिकराव दिसले.

पुंडलिकराव म्हणजे पळसटोल्याचे मालगुजार, जुने जमीनदार. मालगुजारी जाऊन जमाना झाला, तरी नाव राहिलं. धानाची गिरणी त्यांची, कुरणबोडीवर हुकूम त्यांचा, आणि हायस्कूल चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्षही तेच. त्यांच्या बैठकीत दोन वाघांची आणि एका सांबराची मुंडकी भिंतीवर होती. शिकारबंदीचा कायदा आल्यापासून बंदुका मात्र नुसत्या तेल लावून टांगलेल्या. हे दुःख ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

"मास्तर, आराम पडते का?" पुंडलिकराव म्हणाले. सोबत सफरचंदं आणली होती. "हा एक कागद आहे. दवाखान्याच्या कामाचा. तुमचा हात तं बांधला आहे. अंगठा चालते."

कुणीतरी डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. यादोरावांना एवढंच आठवत होतं की शाई थंड होती.

महिन्याभरानं ते घरी आले. हात गळ्यात अडकवलेला, बोटं वळत नव्हती. हेडमास्तर केशवराव भेटायला आले. भला माणूस, पण अध्यक्षांच्या सावलीत वाढलेला. चहा पिता पिता ते सहज म्हणाले, "तुमच्या अर्जाचं काम होणार बरं. वरून परवानगी येऊन राहिली."

"कोणता अर्ज?"

केशवरावांनी कप खाली ठेवला. अर्जाची नक्कल शाळेत टाइप झाली होती, म्हणून त्यांना पाठ होती. पळसटोला व आसपास एक नरभक्षक वृत्तीचं अस्वल माजलं आहे. गुराख्यांना आणि बायाबापड्यांना रस्त्यानं जाणं अशक्य झालं आहे. दिनांक अमुक रोजी शिक्षक श्री. यादोराव कापगते हे गावरस्त्यानं शाळेत जात असता सदर जनावरानं विनाकारण हल्ला केला. तरी ते जिवे मारण्याची परवानगी अनुभवी शिकारी श्री. पुंडलिकराव यांना मिळावी. खाली, निशाणी अंगठा.

यादोराव उठले. सत्यभामाबाई दारात आडव्या आल्या. "जखम ओली हाय अजून. कुठं जाऊन राहिले?"

"मालगुजाराकडे."

"उद्या जा."

"रविवारी मी शाळेत जात होतो म्हणे," यादोराव म्हणाले. "रविवारी. यांना खोटंसुद्धा धड लिहिता येत नाही."

पुंडलिकराव ओसरीवर बसले होते. त्यांनी खुर्ची द्यायला लावली. यादोराव बसले नाहीत.

"त्या कागदावर माझा अंगठा आहे," ते म्हणाले. "मी सही करतो. तेरा वर्षं पोरांना पेन्सिल धरायला शिकवलं. मला अंगठेबहाद्दर कशाला केलं?"

"हात बांधला होता मास्तर. तुमच्यासाठीच तं करून राहिलो सगळं. उद्या एखाद्या बाईले फाडलं म्हणजे?"

"रस्त्यावर नाही फाडलं मला. मी तिच्या पिल्लापाशी जाऊन बसलो होतो. ती तीन रविवार मला पाहून निघून गेली. विनाकारण नव्हतं ते. कारण मीच होतो."

"जनावरं का विचार करतात, कारण काय नि काय?"

"तुम्ही कारण लिहिलं ना, म्हणून बोलतो. जखम माझी आहे. तिच्यावर काय लिहायचं ते मी ठरवीन."

पुंडलिकराव हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "मास्तर, तुमाले ताप हाय," ते शांतपणे म्हणाले, आणि गड्याला सांगितलं, यांना घरी पोचवून दे.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही यादोराव जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं अर्ज लिहायला घेतला. पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं पडत होती. पाच ओळींना सकाळ गेली. आपला आधीचा अंगठा गुंगीत घेतलेला आहे, मजकूर खोटा आहे, अस्वलिणीजवळ पिल्लू आहे, दोष आपला आहे. हा अर्ज घेऊन ते स्वतः बसनं वनखात्याच्या रेंज ऑफिसात गेले. बाबूनं तो उलटसुलट करून पाहिला.

"तुम्हालाच मारलं ना अस्वलानं?"

"हो."

"आणि तुम्हीच म्हणता मारू नका?"

"हो."

"रानात काय करत होते?"

"चित्र काढत होतो."

बाबूनं शेजारच्या बाबूकडं पाहिलं. "लाकूडतोड नाही, गुरं नाही, मोहफूल नाही," तो म्हणाला. "कामाशिवाय जंगलात प्रवेश. हे तर तुमच्यावरच केस होते मास्तर." अर्ज त्यानं ठेवून घेतला, पण पोच दिली नाही. यादोराव पोच मागत दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले. शेवटी राउंड ऑफिसर मारोतराव बाहेरून आले, त्यांनी कुणाला न विचारता शिक्का उचलला आणि कागदावर मारून दिला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. एवढंच म्हणाला, "घरी जा गुरुजी. हात सुजला आहे तुमचा."

परवानगी आठवड्यात आली. मेच्या मधल्या रविवारी पुंडलिकरावांची जीप निघाली. हाक्याला चाळीस माणसं, ढोल, डबे. यादोराव अंगणात बसून डोंगराकडून येणारा गलका ऐकत होते. दहाच्या सुमाराला दोन बार झाले. मग थोड्या वेळानं तिसरा.

जनावर हायस्कुलाच्या पटांगणावर आणून टाकलं. सगळा गाव लोटला. नागपूरच्या कुठल्याशा पेपरचा माणूस कॅमेरा घेऊन आला होता. पुंडलिकरावांच्या गळ्यात हार, बंदूक खांद्याला. रेंजर साहेब पंचनाम्यासाठी खुर्चीवर. गडी यादोरावांना बोलवायला आला: "मालक म्हंतेत, फोटोत तुमी पायजे."

यादोराव गेले. फोटोसाठी नव्हे. त्यांना पाहायचं होतं. गर्दीनं वाट दिली. जमिनीवर अस्वल उताणं पडलं होतं, छाती उघडी, तोंडाशी रक्ताचा फेस आणि त्यावर माशा. यादोराव वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. लोकांना वाटलं, माणूस घाबरला.

मग ते ताठ झाले. "हे ते अस्वल नाही."

कुणाला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा, वर्गात बोलतात तशा आवाजात सांगितलं. "हे ते अस्वल नव्हे. हा नर आहे. याची छातीची खूण दोन्हीकडं पूर्ण आहे. दोन्ही कान धड आहेत. मला जिनं मारलं ती मादी होती, खूण डावीकडं तुटलेली, डावा कान फाटका."

"अस्वल म्हंजे अस्वल, मास्तर," पुंडलिकराव म्हणाले.

"साहेब," यादोराव रेंजरकडं वळले, "परवानगी एका जनावराची होती. त्यानं माणसाला इजा केली म्हणून. यानं कुणाला काय केलं?"

रेंजर साहेबांनी घाम पुसला. "तुम्हाला एवढ्या गडबडीत खूण कशी दिसली?"

यादोराव घरी गेले आणि चित्रवही घेऊन आले. चालताना त्यांचा हात ठणकत होता. वहीतले कागद त्यांनी एकेक करून खुर्चीपुढं धरले. मोहाखाली वाकलेली अस्वलीण. पाठीवर पिल्लू घेतलेली. दोन पायांवर उभी, छाती समोर. खाली तारखा. अंगावर आली त्याच्या आधीच्या रविवारची तारीख.

रेंजर साहेब म्हणाले, "हे तर चित्र आहे."

"मग?"

"चित्र पुराव्यात बसत नाही. फोटो असता तर गोष्ट वेगळी." आणि त्यांनी पंचनाम्यात लिहिलं की सदर जनावर नष्ट करण्यात आलं. मारोतराव मागे उभे होते. त्यांनी मात्र वहीतला कागद हातात घेतला, खाली मेलेल्या जनावराकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं पाहिलं. दोनदा.

"चला, फोटो," पेपरचा माणूस म्हणाला. केशवरावांनी यादोरावांच्या खांद्याला धरून त्यांना पुंडलिकरावांच्या शेजारी उभं केलं. बटण दाबलं त्या क्षणाला यादोराव वळले. पेपरात फोटो आला तेव्हा त्यात हार घातलेले मालगुजार होते, त्यांच्या पायाशी अस्वल होतं, आणि बाजूला एका माणसाची पाठ आणि गळ्यात अडकवलेल्या हाताची गाठ. खाली लिहिलं होतं: 'जखमी शिक्षकाने मानले आभार.'

हा पेपर यादोरावांनी जपून ठेवला नाही. त्याच दिवशी चुलीत घातला.

पाऊस संपला, धान निसवायला आलं, तेव्हा फकिरा एका संध्याकाळी घरी आला. बाहेरच बसला. "गुरुजी, ते हाय," तो म्हणाला. "कानफाटी. बोडीच्या वरच्या अंगानं गेली सकाळी. पिल्लू आता मोठं झालं, मागं मागं चालते."

"तू पाहिलीस?"

"माह्या जाळ्यापासून, इथून त्या घराच्या कवेलूपर्यंत एवढी दूर. पर गुरुजी, माहं नाव कागदावर नका टाकू."

यादोरावांनी टाकलं. पुढं आयुष्यभर त्यांना ही गोष्ट खुपली. आपलं खरं ठरतंय या आवेशात त्यांना दुसरं काही सुचलं नाही. साक्षीदार फकिरा ढिवर, असं त्यांनी दुसऱ्या अर्जात स्वच्छ लिहिलं. पंधरा दिवसांत फकिराला ऑफिसात बोलावलं. सकाळी रानाच्या बाजूला काय करत होतास, फासे लावत होतास का, असं विचारलं. आणि अस्वलाबद्दल कुणी काही विचारायच्या आत पुंडलिकरावांच्या माणसानं त्याला सांगितलं की बोडीत यापुढं जाळं टाकायचं नाही.

यादोराव त्याच्या झोपडीवर गेले. फकिरा जाळं आवरत होता, बिऱ्हाड सासरवाडीला, अड्याळकडं न्यायचं ठरलं होतं.

"माझ्यामुळं झालं," यादोराव म्हणाले.

"तुमच्यामुळं नाई. पर मी म्हनलं होतं, नाव नका टाकू." फकिरानं वर पाहिलं नाही. "तुमी चांगले हा गुरुजी. पर तुमचा राग आमाले नाई परवडत."

ज्या माणसानं आपल्याला पाठीवर वाहून आणलं त्याचं पाणी आपण तोडलं. पुंडलिकरावांवर जेवढा संताप होता तेवढाच तो आता आत वळला.

पुढच्या उन्हाळ्यात बदलीचा कागद आला. संस्थेची दुसरी शाळा मोहाडीच्या पलीकडं होती, तिथं. कारण काही दिलेलं नव्हतं. सत्यभामाबाईंनी भांडी बांधली. गाडी निघताना शेजारणीनं विचारलं, "काहून वं, मास्तरानं माफी मागून घेतली असती तं?" सत्यभामाबाई म्हणाल्या, "कायची माफी? अस्वल वळखलं, त्याची?"

नव्या गावी जंगल नव्हतं. सपाट बांध्या आणि नदी. यादोरावांची उजवी बोटं मुडपलेलीच राहिली. ब्रश ते मुठीत धरायचे, जसं लहान पोर काठी धरतं. बारीक रेघ गेली. ते रंगानंच काढायला लागले, मोठे मोठे फटकारे. पहिल्या वर्षी सगळे कागद त्यांनी फाडले. रविवारी आता सत्यभामाबाई सोबत यायच्या, भाजी निवडायला घेऊन. एकदा त्या म्हणाल्या, "बगळा तं बगळाच दिसते. आधी तुमी त्याचे पिसं मोजत होता." यादोरावांनी तो कागद फाडला नाही.

अर्ज मात्र थांबले नाहीत. दर वर्षी एक. प्रत्येकासोबत दोन चित्रं जोडलेली: ज्या अस्वलिणीनं मला मारलं ती, आणि ज्या अस्वलाला मारलं ते. विषय एकच: चुकीचे जनावर मारल्याबाबत. एकाचंही उत्तर आलं नाही. शाळेतले सोबती म्हणायचे, मास्तर, अस्वल मेलं, गोष्ट मेली. यादोराव म्हणायचे, "गोष्ट खोटी लिहून ठेवली आहे. ती मरत नाही, ती कामाला येते."

आणि ती आली. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात मारोतरावांचं पोस्टकार्ड आलं. त्यांची बदली आता भंडाऱ्याला झाली होती, नोकरीचं शेवटचं वर्ष. कार्डावर चारच ओळी. अड्याळकडच्या रानात बायाबाई नावाच्या बाईला बिबट्यानं जखमी केलं आहे. बाई भंडाऱ्याच्या दवाखान्यात आहे. पुंडलिकरावांनी परवानगी मागितली आहे, आणि आधीच्या यशस्वी कामगिरीचा दाखला म्हणून पळसटोल्याचा पंचनामा जोडला आहे. बाईचा जबाब परवा घेणार.

यादोरावांनी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली आणि सकाळची पहिली बस धरली.

बायकांच्या वॉर्डात बायाबाई भिंतीला टेकून बसली होती. चाळिशीची, शेळ्या राखणारी. खांद्यापासून मानेपर्यंत पट्टी. कॉटपाशी पुंडलिकरावांचा कारकून आधीच आलेला होता, हातात टाइप केलेला कागद आणि शाईची डबी. पुंडलिकराव स्वतः खिडकीपाशी उभे. म्हातारे झाले होते, पण कोट तोच.

"मास्तर, तुमी इथं?" ते म्हणाले.

यादोरावांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. "बाई, मी शिक्षक आहे," ते बायाबाईला म्हणाले. "तुमच्या अंगठ्याआधी हा कागद वाचून दाखवू का?"

बायाबाईनं त्यांच्या मुडपलेल्या हाताकडं पाहिलं. "वाचा."

कारकून कागद देईना. यादोरावांनी तो ओढून घेतला. वॉर्डातल्या साऱ्या बाया ऐकतील अशा आवाजात त्यांनी वाचलं. एक नरभक्षक बिबट माजला आहे. बायाबापड्यांना रस्त्यानं जाणं अशक्य झालं आहे. दिनांक अमुक रोजी बायाबाई ही गावरस्त्यानं जात असता सदर जनावरानं विनाकारण हल्ला केला. शब्दही बदलले नव्हते. यादोरावांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"हे कोनं म्हनलं?" बायाबाई म्हणाली.

"तुम्ही म्हटलं, असं लिहिलं आहे."

"मी कायले म्हनू? रस्ता कुठला? नाल्यात होती मी, बकरीच्या मागं. त्या जनावराच्या पायात तार होती. डुकरासाठी फासा लावते ना, ते तार. खुटीसकट उपटून आनली होती त्यानं. पाय सुजून एवढा झाला होता. झाडीत पडून होतं, मी त्याच्या अंगावरच गेली." ती पुंडलिकरावांकडं वळली. "तार कोनं लावली, ते लिहा ना. माही बकरी बी त्याच तारेत मेली मागच्या हप्त्यात."

"बाई, तुमच्या भल्यासाठी..." कारकुनानं सुरू केलं.

"शाई तिकडं ने," बायाबाई म्हणाली. "माह्या लुगड्याले लागन."

कारकुनानं डबीचं झाकण लावलं.

मारोतराव अकरा वाजता आले, सोबत वरचे एक तरुण अधिकारी. बायाबाईनं सगळं पुन्हा सांगितलं, नाला, तार, सुजलेला पाय. अधिकाऱ्यानं तिच्या शब्दांत लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिनं दुरुस्ती करायला लावली. पुंडलिकराव तोवर निघून गेले होते.

परवानगी मिळाली नाही. चार दिवसांनी बिबट्या त्या नाल्यातच मेलेला सापडला, पाय सडून. तार कुणी लावली ते कधी उजेडात आलं नाही, आणि पळसटोल्याचा पंचनामा कागदोपत्री होता तसाच राहिला. निवृत्तीच्या आधी मारोतरावांनी एवढं केलं, की यादोरावांचे सगळे अर्ज चित्रांसकट त्या पंचनाम्याला टाचून ठेवले. म्हणजे यापुढं कुणी तो कागद काढला तर सोबत हेही निघतील.

हे ऐकून सत्यभामाबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता तरी राग सोडा."

"काय बरं झालं?" यादोराव म्हणाले. "एक अस्वल फुकट मेलं, बिबट्या सडून मेला, फकिरा गावातून गेला. टाचणी लावली, एवढं झालं."

त्यांनी राग सोडला नाही. पण फाल्गुनात, शाळेला दोन दिवस सुटी पडली तेव्हा, ते अड्याळला गेले, विचारत विचारत ढिवरांच्या मोहल्ल्यात पोचले. फकिरा दारात बसून जाळ्याची गाठ मारत होता. केस पांढरे झालेले. त्यानं ओळखलं, पण उठला नाही.

यादोराव त्याच्यासमोर जमिनीवर बसले. जाळ्याचं दुसरं टोक त्यांनी आपल्या मुडपलेल्या मुठीत ताणून धरलं, म्हणजे त्याला दोन्ही हात मोकळे मिळतील. चार-पाच गाठी झाल्या. मग फकिरानं आत हाक मारली, "वो, च्या ठेव. पावना हाय."